थोमा आला नसेल तर?

चर्चगेटला रोज लाखो माणसं उतरतात, पण यातलं चर्च कुठलं असं विचारलं तर बहुतेक जण इरॉसच्या आजूबाजूला बघायला लागतील. ते चर्च म्हणजे हॉर्निमन सर्कलच्या बाजूचं सेंट थॉमस. १७१८ च्या नाताळला सुरू झालं, इंग्रजांचं मुंबईतलं पहिलं चर्च, आणि फोर्टच्या तटबंदीचा जो दरवाजा त्याच्या वाटेवर होता तो चर्च गेट. दरवाजा गेला, तटबंदी गेली, नाव तेवढं राहिलं. म्हणजे आडवळणाने का होईना, वेस्टर्न लाइनचं शेवटचं स्टेशन येशूच्या बारा प्रेषितांपैकी एकाच्या खात्यावर आहे, मराठी बायबलमध्ये ज्याला थोमा म्हणतात त्याच्या.

या थोमावरून आपल्या देशात एक वाद कायम धुमसत असतो. ३ जुलै आला, म्हणजे त्याच्या स्मृतीचा दिवस, की दोन प्रकारचे फॉरवर्ड फिरायला लागतात. एकात लिहिलेलं असतं की थोमा इसवी सन ५२ मध्ये केरळात मुझिरिस नावाच्या जुन्या बंदरात उतरला, साडेसात चर्च स्थापन केली (हो, साडेसातच, तिकडची परंपरा तसंच मोजते), मग पूर्व किनाऱ्यावर मैलापूरला, म्हणजे आजच्या चेन्नईत, हुतात्मा झाला, म्हणून ख्रिस्ती धर्म भारतात युरोपच्या आधी आला, म्हणून तो परका नाही. दुसऱ्यात असतं की थोमा भारतात कधी आलाच नाही, सगळी पोर्तुगीजांची बनवाबनवी, म्हणून ख्रिस्ती धर्म परकाच. दोन्ही बाजू एकमेकांवर तुटून पडतात, पण मला वाटतं एका गोष्टीवर दोघांचं पूर्ण एकमत आहे आणि नेमकी तीच गोष्ट चुकीची आहे. ती म्हणजे, जो जितका जुना तो तितका इथला. एकदा हे मान्य केलं की मग उरते फक्त तारखेची मारामारी, आणि त्या मारामारीत जी माणसं चिरडली जातात ती ना या फॉरवर्डमध्ये असतात ना त्या.

आधी या माणसाबद्दल थोडं, कारण त्याच्या नावापासूनच घोळ आहे. थोमा हे खरं तर नावच नाही. अरामी भाषेत त्याचा अर्थ जुळा, आणि योहानाच्या शुभवर्तमानात त्याच्यापुढे दिदुम असं लिहिलंय तो ग्रीकमधला जुळाच. म्हणजे दोन भाषांत जुळा जुळा म्हणून हाक मारली, पण घरच्यांनी ठेवलेलं नाव बायबलात कुठेच नाही. सिरियाकडच्या परंपरेत त्याला यहूदा थोमा म्हणतात, आणि मग कुणाचा जुळा या प्रश्नावर तिकडच्या जुन्या ग्रंथांनी थेट येशूचाच असंही सुचवून टाकलं. पुढे याच टोपणनावाचा संसार किती वाढला बघा. केरळात तोम्मन, मामन, ओमन ही सगळी त्याचीच रूपं, म्हणजे मुख्यमंत्री राहिलेले ओमन चंडी घ्या नाहीतर एमआरएफ टायरवाले मामन मापिल्लई. पोर्तुगीजांना आफ्रिकेजवळ एक बेट सापडलं, परंपरा सांगते की ते २१ डिसेंबरला सापडलं आणि तेव्हा थोमाचा सण त्या दिवशी असायचा, म्हणून बेटाचं नाव साओ टोमे, आज तो वेगळा देश आहे. गोव्याच्या टांकसाळीत सोळाव्या शतकात जे सोन्याचं नाणं पाडायचे त्याचंही नाव साओ टोमे, त्यावर या संताचं चित्र. ज्याचं स्वतःचं नाव कुणी लिहून ठेवलं नाही त्याच्या नावावर देश, नाणी आणि मुंबईचं स्टेशन.

आणि दुसरं नाव, जे जगभर चिकटलं, ते संशयी थोमा. याचा मला मनापासून राग येतो. गोष्ट अशी, येशू पुन्हा उठल्यावर पहिल्यांदा शिष्यांना भेटला तेव्हा थोमा तिथे नव्हता. बाकीच्यांनी सांगितलं, आम्ही प्रभूला पाहिलं. हा म्हणाला, त्याच्या हातातले खिळ्यांचे वण बघितल्याशिवाय, कुशीत हात घातल्याशिवाय मी मानणार नाही. झालं, दोन हजार वर्षं शिक्का बसला. पण तोच अध्याय चार ओळी आधीपासून वाचा ना, येशूने बाकीच्या शिष्यांनाही हात आणि कूस दाखवली आणि मगच त्यांना आनंद झाला असं तिथेच लिहिलंय. लूकचं शुभवर्तमान तर सांगतं की बायका कबरीवरून बातमी घेऊन आल्या तेव्हा या थोर शिष्यांना ती बडबड वाटली. म्हणजे पुरावा सगळ्यांनाच लागला होता, बायकांवर विश्वास कुणीच ठेवला नाही, आणि नाव मात्र एकट्या थोमाचं खराब. त्यातून त्याने खरंच बोट घातलं असं योहानात कुठेही नाही, येशू म्हणाला ये हात लाव, आणि हा लगेच म्हणाला, माझा प्रभू, माझा देव. ते जखमेत बोट खुपसणं पुढच्या चित्रकारांनी, विशेषतः काराव्हाजोने, आपल्या डोक्यात बसवलं. याच थोमाने आधी एकदा, येशू यहूदियात परत जायला निघाला आणि तिथे दगडांनी मारतील अशी सगळ्यांना भीती होती तेव्हा, चला आपणही त्याच्याबरोबर मरायला जाऊ असं म्हटलेलं आहे, ते कुणाच्या लक्षात राहिलेलं नाही.

हे सगळं सांगायचं कारण, हा पुरावा मागणारा माणूस आहे, आणि याच्याच नावाने जी परंपरा उभी आहे तिच्याबद्दल मात्र पुरावा मागितला की लोकांना अपमान वाटतो.

तर पुरावा काय आहे? सगळ्यात जुना लिखित आधार म्हणजे तिसऱ्या शतकातला सिरियाक भाषेतला एक ग्रंथ, एडेसा नावाच्या शहरात तयार झालेला, आजच्या तुर्कस्तानात उर्फा आहे तिथे. त्यात थोमाला भारत वाट्याला येतो, तो नको म्हणतो, तर येशू त्याला हब्बान नावाच्या व्यापाऱ्याला गुलाम म्हणून चक्क विकतो. हा सुतार, गवंडी. गुंदफर राजा त्याला महाल बांधायला पैसे देतो, हा ते सगळे गरिबांना वाटून टाकतो आणि विचारल्यावर सांगतो की तुझा महाल स्वर्गात बांधलाय, मेल्यावर दिसेल. (आपल्याकडच्या कंत्राटदारांनी हे उत्तर अजून दिलेलं नाही एवढंच.) अनेक शतकं हा गुंदफर राजा काल्पनिक समजला जायचा. मग १८३० च्या दशकात चार्ल्स मॅसनने अफगाणिस्तानात नाणी गोळा केली त्यात गोंडोफरेसची, म्हणजे याच गुंदफरची, नाणी निघाली आणि पेशावरकडच्या तख्त-ए-बाहीच्या शिलालेखावरून काळही पहिल्या शतकाचा पूर्वार्ध निघाला. म्हणजे राजा खरा निघाला. पण तो राज्य करत होता वायव्येला, तक्षशिला-पेशावरकडे, केरळात नाही. २००६ मध्ये पोप बेनेडिक्ट एका प्रवचनात म्हणाले की थोमा सिरिया, पर्शियातून पश्चिम भारतात गेला आणि तिथून ख्रिस्ती धर्म दक्षिणेत पोचला, तर केरळातले भाविक नाराज झाले. पोपलासुद्धा सोडलं नाही.

दुसऱ्या बाजूला, मुझिरिसला रोमन जहाजं येत होती यात काहीच शंका नाही. मुझिरिस जिथे होतं असं मानतात त्या पट्टणमच्या उत्खननात रोमन मद्यकुंभांचे ढीग निघाले, मिरीच्या व्यापाराचा करार लिहिलेला दुसऱ्या शतकातला पपायरस व्हिएन्नात ठेवलाय. तेव्हा पॅलेस्टाइनमधला एखादा ज्यू माणूस जहाजात बसून मलबारला येणं अगदी सहज शक्य होतं. शक्य होतं म्हणजे झालं असं नाही, एवढाच मुद्दा आहे, आणि झालं नाही असंही त्यातून सिद्ध होत नाही. पोर्तुगीजांनी सगळं रचलं हा फॉरवर्डही इथे सपशेल पडतो कारण पोर्तुगीज यायच्या दोनशे वर्षं आधी मार्को पोलोने पूर्व किनाऱ्यावरच्या थोमाच्या कबरीबद्दल लिहून ठेवलंय, तिथली माती औषध म्हणून लोक घेऊन जातात असंही.

हाडांचा प्रवास तर वेगळाच. एडेसात थोमाच्या अस्थी आहेत असं चौथ्या शतकापासून मानत होते, तिथून त्या कियोस बेटावर गेल्या, १२५८ मध्ये इटलीतल्या ओर्तोना गावाने पळवल्या, आणि १९५३ मध्ये तिथूनच हाताचं एक हाड केरळात कोडुंगल्लूरजवळ अळिकोडला आणलं. म्हणजे पहिल्यांदा चालत आला की नाही माहीत नाही, पण विसाव्या शतकात नक्की आला.

मला सगळ्यात जास्त शिकवून जातात त्या त्याच्या मरणाच्या गोष्टी. एडेसाच्या ग्रंथात राजाचे चार सैनिक त्याला भाल्यांनी मारतात, कारण राजघराण्यातल्या बायका त्याचं ऐकून नवऱ्यांपासून दूर राहायला लागल्या होत्या. मार्को पोलोला मैलापूरकडे सांगितलं गेलं की तो अपघात होता, संत रानात प्रार्थनेला बसलेला, आजूबाजूला मोर, आणि मोरांची शिकार करणाऱ्याचा बाण चुकून त्याला लागला. आणि पोर्तुगीज काळापर्यंत येताना मारेकरी झाले ब्राह्मण. बघा, एकच मृत्यू आणि तीन मारेकरी, आणि प्रत्येक वेळी सांगणाऱ्याला ज्याच्याशी भांडायचंय तोच मारेकरी, फक्त मधल्या गोष्टीत कुणाशीच भांडण नाही कारण ती तिथले लोक आपापसात सांगत असावेत. आज मैलापूरवरून जो वाद चालतो, तिथलं सांथोम चर्च मूळच्या मंदिराच्या जागेवर उभं आहे की नाही, त्यात सगळे तिसरी गोष्ट धरून बसलेत. मोरवाली कुणालाच नकोय.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. केरळच्या सिरियन ख्रिश्चनांमध्ये, म्हणजे सिरियाक परंपरेने उपासना करणाऱ्या तिथल्या जुन्या ख्रिस्ती समाजात, एक समजूत फार पक्की आहे, की थोमाने बाप्तिस्मा दिला तो नंबुद्री ब्राह्मणांना, आणि आम्ही त्यांचे वंशज. पकलोमट्टम, शंकरपुरी अशा घराण्यांची नावं घेतली जातात. पहिल्या शतकात केरळात नंबुद्री ब्राह्मण असल्याचा काही आधार नाही, बहुतेक इतिहासकार त्यांचं तिथलं येणं बरंच नंतरचं मानतात. पण समजुतीचं काम इतिहास सांगणं नव्हतंच. राजाच्या दरबारात, व्यापारात, वस्तीत वरचं स्थान टिकवायला ती उपयोगी होती आणि शतकानुशतकं पडली. त्यात आणखी एक थॉमस आहे, कानाचा थॉमस, व्यापारी, परंपरेप्रमाणे ३४५ साली काही कुटुंबं घेऊन पश्चिम आशियातून आला. दोन थॉमसच्या आठवणींची सरमिसळ झाली असावी असं म्हणणारे अभ्यासक आहेतच. त्याच्या नावाने ओळख सांगणारे क्नानाया ख्रिश्चन रक्त शुद्ध ठेवायचं म्हणून बाहेर लग्न करणाऱ्याला समाजातून काढतात आणि त्यावर आता कोर्टात खटले चालू आहेत. प्रेषिताच्या नावाने जात आणि व्यापाऱ्याच्या नावाने पोटजात.

यावर केरळला हसायचं आपल्याला काही कारण नाही. गोव्याच्या कॅथलिकांत बामण, चारदो, सुदीर हे जातींचे भेद बाप्तिस्म्याच्या पाण्यात वाहून गेले नाहीत, लग्न जमवताना आजही कानोसा घेतला जातो. वसईच्या ख्रिस्ती कुपारी समाजातही आपण मूळचे सामवेदी ब्राह्मण ही आठवण अभिमानाने सांगितली जाते. धर्म बदलला आणि वंशावळ तेवढी जपून ठेवली, हे आपल्याकडे सगळीकडेच आहे.

आणि दुसऱ्या टोकाला कोण आहे? पोयकयिल योहन्नान. १८७९ मध्ये जन्मलेला, दलित कुटुंबातला, मार थोमा चर्चमध्ये गेला. म्हणजे चर्चच्या नावातच थोमा. तिथे सिरियन ख्रिश्चन वेगळे आणि पुलया-परया या दलित जातींतले नवे ख्रिश्चन वेगळे, प्रार्थनेची घरंही वेगळी. योहन्नान बाहेर पडला आणि १९०९ च्या सुमारास स्वतःची प्रत्यक्ष रक्षा दैव सभा काढली. त्याचं एक गाणं केरळात फार प्रसिद्ध आहे, अर्थ असा की इतके इतिहास लिहिले गेले पण माझ्या वंशाबद्दल एक अक्षरही कुठे दिसत नाही. एकाच गावात एकाच देवाला मानणारी दोन माणसं, एकाकडे इसवी सन ५२ पासूनची घराण्याची यादी आणि दुसऱ्याकडे अक्षर नाही. आता सांगा, ख्रिस्ती धर्म भारतीय आहे हे थोमाच्या तारखेवरून सिद्ध करायचं ठरवलं तर यातल्या दुसऱ्याने काय सिद्ध करायचं?

नेमकं हेच आपण करत आलो आहोत आणि चांगल्या हेतूने करत आलो आहोत. नेहरू, राजेंद्रप्रसाद यांनी स्वातंत्र्यानंतर थोमाचा दाखला देऊन सांगितलं की युरोपातले बरेच देश ख्रिस्ती व्हायच्या आधी हा धर्म इथे होता. सरकारने १९६४ आणि १९७३ मध्ये थोमाच्या नावाने पोस्टाची तिकिटं काढली. नव्या देशात अल्पसंख्याकांना धीर द्यायचा होता, ते बरोबरच होतं. पण त्या युक्तिवादाला एक चोरखिसा आहे. तुम्ही जुने म्हणून इथले, असं म्हटलं की जे नवे ते कमी इथले हे न बोलताच मान्य होतं. मग नगर जिल्ह्यातल्या (आता अहिल्यानगर म्हणायचं, तेही एक नामांतर) महार-मांग वस्तीतल्या माणसाचं काय, ज्याचा पणजोबा अमेरिकन मराठी मिशनच्या शाळेत शिकला, दुष्काळात जगला आणि ख्रिस्ती झाला? त्याच्याकडे प्रेषित नाही, जहाज नाही, साडेसात चर्च नाहीत. मिशन नगरला आलं १८३१ मध्ये. तो म्हणणार, आम्ही तिथलेच, पिढ्यान् पिढ्या त्याच वेशीबाहेर होतो. यापेक्षा जुनं इथलं असणं कसलं असतं? धर्म कालचा असेल, माणूस तर कालचा नाही ना.

आणि मराठीत तर थोमाशिवाय किती झालंय. फादर स्टीफन्ससारखा इंग्रज माणूस गोव्यात बसून १६१६ मध्ये मराठी ओव्यांत ख्रिस्तपुराण छापतो, रेव्हरंड ना. वा. टिळक १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतात आणि तरी अभंगच लिहितात, पंडिता रमाबाई केडगावला मुक्ती मिशन उभारतात आणि टाकलेल्या बायका-पोरींना घर देतात. या कुणालाही पहिल्या शतकातून ओळखपत्र आणावं लागलं नाही.

बरं, जुनेपणाचाच हट्ट असेल तर थोमापेक्षा भक्कम गोष्टी आहेत आणि त्यातली एक आपल्या दाराशी आहे. सहाव्या शतकात कॉसमस नावाचा एक व्यापारी-भिक्षू लिहून गेला की मलबारात मिरी पिकते तिथे ख्रिस्ती लोक आहेत आणि कल्लियाना नावाच्या गावात पर्शियाहून नेमलेला बिशप आहे. हे कल्लियाना म्हणजे आपलं कल्याण असं बऱ्याच अभ्यासकांचं मत आहे. काही ख्रिस्ती अभ्यासकांनी तर बार्थोलोमू या दुसऱ्या प्रेषितालाही कल्याणला उतरवलंय पण तो आधार फारच पातळ, ते सोडून देऊ. गोव्यात झुआरीकाठी आगशीला २००१ मध्ये पहलवी, म्हणजे जुन्या पर्शियन, लिपीतली अक्षरं कोरलेला क्रॉस मिळाला, तसे क्रॉस चेन्नईच्या सेंट थॉमस माउंटवर आणि कोट्टायमलाही आहेत. आणि सगळ्यात देखणा पुरावा कोल्लमचा ८४९ चा ताम्रपट. दक्षिण केरळातल्या वेणाडच्या अधिपतीने एका चर्चला जमीन, माणसं, हक्क दिले त्याचा तो लेख, आणि साक्षीदारांच्या सह्या कशात, तर अरबी कुफी लिपीत, पहलवीत आणि हिब्रू लिपीत. हिंदू राजा देतोय, ख्रिस्ती चर्च घेतंय, मुसलमान, पारशी, ज्यू व्यापारी साक्ष देतायत. हा पट खरा आहे, हातात धरता येतो. पण त्यावरून कुणी वंशावळ सांगत नाही कारण त्यात प्रेषित नाही, व्यापारी आहेत. आणि हो, त्या देण्यात माणसंही दिलेली आहेत हे विसरू नका. ती कोण होती, त्यांची नावं त्या पटावर नाहीत.

थोमाच्या नावाची ओढाताण चर्चच्या आतही काही कमी नाही. मलबारचे ख्रिश्चन म्हणायचे की थोमाचा मार्ग वेगळा आणि पेत्राचा (पोप ज्याचे वारस म्हणवतात तो प्रेषित) वेगळा, म्हणजे रोमने आमच्यात लुडबुड करू नये. १५९९ मध्ये गोव्याचे आर्चबिशप मेनेझिस केरळात उदयंपेरूरला गेले, सभा भरवली, हे म्हणणं पाखंड ठरवलं आणि सिरियाक ग्रंथ जाळायला लावले. आपल्या गोव्याची ही कामगिरी. त्याचा राग ३ जानेवारी १६५३ ला कोचीच्या मट्टनचेरीत बाहेर पडला, क्रॉसला दोर बांधून लोकांनी शपथ घेतली की यापुढे जेझुइट पाद्र्यांना मानणार नाही. इथे थोमाचं नाव उलट्या दिशेने, सत्तेला नको म्हणायला वापरलं गेलं, आणि खरं सांगायचं तर थोमाच्या सगळ्या वापरांपैकी मला हा एकच पटतो.

कारण पुढे तेच नाव खुर्चीसाठी आलं. केरळच्या सिरियन ख्रिश्चनांतला ऑर्थोडॉक्स गट म्हणतो आमचे कॅथोलिकोस, म्हणजे मुख्य धर्मगुरू, थोमाच्या सिंहासनावर बसतात, जॅकोबाइट गट म्हणतो आमची निष्ठा अँटिऑकच्या सिरियन पॅट्रिआर्कांना, कारण तेही स्वतःला पेत्राच्या सिंहासनावरचे म्हणवतात. १९७० मध्ये अँटिऑकच्या पॅट्रिआर्कांनी पत्र लिहून सांगितलं की थोमाचं कसलं सिंहासन, तो तर साधा पुरोहितही नव्हता, कारण येशूने शिष्यांवर फुंकर घालून पवित्र आत्मा दिला तेव्हा हा खोलीत हजरच नव्हता! म्हणजे तीच ती संध्याकाळ, जिच्यामुळे त्याला संशयी म्हणतात, ती गैरहजेरी आता सिंहासनाच्या वादात पुरावा म्हणून लावली. विद्वानांचं डोकं कुठे चालेल सांगता येत नाही. पुढे खटले चालत राहिले आणि २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाने चर्चच्या स्वतःच्या १९३४ च्या घटनेप्रमाणे, म्हणजे नियमावलीप्रमाणे, कारभार चालवा असा ऑर्थोडॉक्स गटाच्या बाजूने निकाल दिला, तारीख नेमकी ३ जुलै, थोमाचा दिवस. त्यानंतर चर्चच्या दरवाजांवर पोलीस, कुलपं, आणि दुसऱ्या गटातल्या माणसाचं प्रेत पुरू द्यायचं की नाही यावर इतकी भांडणं की केरळ सरकारला २०२० मध्ये त्यासाठी वेगळा कायदा करावा लागला. दोन्ही गट थोमाला मानणारे.

मी श्रद्धेवर बोलत नाहीये. केरळातल्या एखाद्या आजीला वाटत असेल की थोमा आपल्या नदीकाठी आला होता तर तिच्याकडे कुणी पुरावा मागू नये, मीही मागणार नाही. पंढरीला जाणाऱ्याला आपण विटेचा पुरावा मागत नाही. पण तीच गोष्ट जमिनीचा हक्क, जातीचा मान किंवा नागरिकत्वाचा दाखला म्हणून टेबलावर ठेवली की मग ती श्रद्धा राहत नाही, अर्ज होतो, आणि अर्जाची छाननी होणारच.

आणि एक खरोखरचा अर्ज सध्या सरकारदरबारी पडून आहे, त्याकडे बघा. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा फक्त हिंदूंना दिला. १९५६ मध्ये त्यात शीख आले, १९९० मध्ये बौद्ध आले, म्हणजे धर्मांतरानंतर चौतीस वर्षं थांबल्यावर, महाराष्ट्रात हे कुणाला वेगळं सांगायला नको. दलित ख्रिश्चन आणि दलित मुसलमान अजून बाहेर. कारण काय सांगतात, तर या धर्मांत जात नाही, आणि हे धर्म बाहेरून आलेले. रंगनाथ मिश्रा आयोगाने २००७ च्या अहवालात धर्माची अट काढा म्हटलं, ते बाजूला पडलं. मग ऑक्टोबर २०२२ मध्ये याच प्रश्नावर माजी सरन्यायाधीश बालकृष्णन यांचा आयोग नेमला आणि त्याला मुदतवाढही मिळाली.

आता इथे थोमाचं काय करायचं ते सांगतो. सरकार म्हणतं ख्रिस्ती धर्मात जात नाही. चर्चच्या व्यासपीठावरूनही हेच म्हणतात, देवाची सगळी लेकरं सारखी. आणि घरी आल्यावर आम्ही थोमाने बाटवलेल्या नंबुद्रींचे वंशज. हे दोन्ही एकदम खरं असू शकत नाही. तिरुचिरापल्लीच्या कॅथलिक दफनभूमीत दलितांची थडगी वेगळी ठेवायला भिंत घातली गेली हे जगजाहीर आहे. तेव्हा केरळच्या जुन्या, श्रीमंत, शाळा-कॉलेजं-हॉस्पिटलं चालवणाऱ्या चर्चांना थोमाची परंपरा इतकी प्यारी असेल तर त्यांनी आयोगासमोर स्वतः जावं, आपल्या लग्नाच्या आणि दफनाच्या नोंदवह्या उघडून ठेवाव्यात, कोणत्या पॅरिशमध्ये कुणाची लग्नं कुणाशी झाली, कुणाला कुठे पुरलं, नव्या ख्रिश्चनांसाठी वेगळं देऊळ कधी बांधलं आणि का, हे सगळं. कागद त्यांच्याकडे पक्के असतात, बाप्तिस्म्यापासून मरणापर्यंत नोंद करायची या लोकांना भारी शिस्त. इसवी सन ५२ चा कागद कुणाकडेच नाही, पण १९५० नंतरचे सगळे कपाटात आहेत, आणि आयोगाला हवेत ते हेच.